कॉलेजच्या पेपरात राबलेल्यांचं पुढे काय होतं? (लेक मेरीलँडला, बाप काळजीत)

जर्मनटाऊनकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या मेरीलँडमध्ये जर्मनटाऊनला. मुलगी युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडला, म्हणजे कॉलेज पार्कला, कॉम्प्युटर सायन्स करतेय, दुसरं वर्ष. इथपर्यंत सगळं आईबापाच्या मनासारखं. पण गेल्या सेमिस्टरपासून बाईसाहेब तिथल्या विद्यार्थ्यांच्या पेपरात, द डायमंडबॅकमध्ये शिरल्यात, आणि आता फोन केला की "बाबा नंतर बोलू, एका सोर्सचा फोन यायचाय" असं ऐकायला मिळतं. परवा शनिवारी घरी आली तर जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, त्यात कॅम्पसवरच्या पार्किंगच्या दंडाची भलीमोठी एक्सेल शीट, कुठल्या लॉटमध्ये किती वाजता किती जणांना दंड झाला याची. म्हटलं ही कुठून आणलीस, तर म्हणे युनिव्हर्सिटीकडे अर्ज करून मागवली, इथेही आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा आहे. हिची आई पोळी वाढत होती आणि ही त्या शीटमध्ये फिल्टर लावत होती.

आता तिच्या बॅचची बाकी पोरं दिवसरात्र लीटकोडवर (मुलाखतींच्या तयारीची वेबसाइट) कोडिंगची कोडी सोडवतायत, इंटर्नशिपच्या मुलाखती देतायत. ही रात्री बारा वाजता कोणाच्या तरी बातमीतल्या स्वल्पविरामावर भांडतेय. बायको म्हणते असू दे, मी म्हणतो चार वर्षांच्या फीचे आकडे बघ आणि मग असू दे म्हण.

तर दोन प्रश्न. एक, या असल्या पेपरात काम केलेल्या लोकांचं पुढे नक्की काय झालं? खरी माणसं, खरी नावं सांगा. "पॅशन फॉलो करू द्या" टाइप उत्तरं नकोत, ती व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट मिळतात. आणि दोन, ही युनिव्हर्सिटीच्याच विरोधात बातम्या लिहितेय, उद्या त्यांनी काही डूख धरला तर? कोणाला अनुभव असेल तर लिहा प्लीज.

बाल्टीमोरचा_बाळू

अहो साहेब, डायमंडबॅक! मी कॉलेज पार्कलाच एमएस केलं, त्यामुळे हा पेपर चांगला माहितीये. आमच्या वेळी कागदावर निघायचा, आता २०२० पासून फक्त ऑनलाइन आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला सगळ्यात सोपं उत्तर याच पेपरातनं मिळेल, बाहेर कुठे जायची गरजच नाही.

सगळ्यात मोठं नाव कार्ल बर्नस्टीन. वॉटरगेटवाला, म्हणजे ज्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सनला पद सोडावं लागलं त्याच्या बातम्या देणारा. सोळाव्या वर्षी वॉशिंग्टन स्टारमध्ये कॉपीबॉय म्हणून लागलेला, म्हणजे कागद इकडून तिकडे पोचवणारा पोऱ्या, मग मेरीलँडला आला, डायमंडबॅकमध्ये बातमीदारी केली आणि पदवी काय त्याने पूर्ण केली नाही (हे मुलीला सांगू नका). १९६६ ला वॉशिंग्टन पोस्टमध्ये गेला, १९७२ ला वॉटरगेट इमारतीतल्या घरफोडीची बातमी बॉब वुडवर्ड या दुसऱ्या बातमीदाराच्या जोडीने धरली, १९७३ ला पोस्टला पुलित्झर (इथला पत्रकारितेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार) आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये निक्सन घरी. हे सगळ्यांना माहितीच असतं.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो डेव्हिड सायमन. हा डायमंडबॅकचा संपादक होता. इथून थेट बाल्टीमोर सनमध्ये, आणि तिथे क्राइम बीट, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या. १९८८ मध्ये नोकरीतून रजा काढून तो वर्षभर बाल्टीमोर पोलिसांच्या खून तपास करणाऱ्या पथकाबरोबर राहिला, पहाटे प्रेत सापडलं की हा पण तिथे, आणि त्यावर पुस्तक लिहिलं. १९९५ ला पेपर सोडला आणि पुढे एचबीओसाठी द वायर ही सिरियल केली. ज्यांनी बघितलीये त्यांना सांगायला नको. तिच्या शेवटच्या सीझनमध्ये तर पेपरचं ऑफिसच आहे, आणि त्यात एक बातमीदार बातम्या रचून देतो. २०१० ला मॅकआर्थर फेलोशिप, ती 'जीनियस ग्रँट' म्हणतात ती, मिळाली त्याला. मी बाल्टीमोरला राहतो म्हणून सांगतो, ती सिरियल बघताना गल्ली न गल्ली खरी वाटते, कारण तो माणूस त्या गल्ल्यांत नोटपॅड घेऊन उभा राहिलेला आहे, स्टुडिओत बसून लिहिलेलं नाहीये ते.

आता तुमच्या कामाचा माणूस. जेफ किनी. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर विंपी किडची पुस्तकं पलंगाखाली सापडतीलच, तो किनी. हा पण डायमंडबॅकचा, आणि कॉम्प्युटरवालाच! पेपरात इगडूफ नावाची कॉमिक पट्टी काढायचा, कॅम्पसवर हिट होती. बाहेर पडल्यावर मोठ्या पेपरांना पट्ट्या पाठवल्या, सगळ्यांनी नकार दिले. मग काय, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग. मुलांच्या गेम्स बनवायच्या कंपनीत लागला, आणि १९९८ पासून बाजूला वहीत विंपी किड लिहीत बसला. २००४ ला ते वेबसाइटवर टाकलं आणि पुस्तक आलं २००७ ला. म्हणजे कॉलेज सोडल्यापासून दहाबारा वर्षं हा माणूस नातेवाइकांच्या हिशेबी 'आयटीत आहे, बरं चाललंय' एवढाच होता. पुस्तकं तुफान खपायला लागल्यावरही नोकरी लगेच सोडली नाही. आता मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःचं पुस्तकांचं दुकान आहे.

आणि आरन मॅकग्रूडर, द बूनडॉक्स या कॉमिक पट्टीवाला. त्याची ती पट्टी कागदावर पहिल्यांदा छापली ती १९९६ च्या डिसेंबरमध्ये, डायमंडबॅकमध्ये. १९९९ ला देशभरच्या पेपरांत गेली, २००५ ला टीव्हीवर.

एका कॅम्पस पेपरातून एवढे. तुमची लेक बरोबर ठिकाणी आहे.

खवचट_काकू

बाळू, यादी छान आहे पण तू एक नाव सोयीस्करपणे गाळलंस. मॅकग्रूडरची पट्टी छापली तेव्हा डायमंडबॅकचा संपादक कोण होता ते पण सांग की.

बाल्टीमोरचा_बाळू

काकू 😀 माहिती होतं तुम्ही येणार. बापाला आधी धीर द्यावा म्हटलं.

खवचट_काकू

मग मी सांगते. जेसन ब्लेअर. तोच तो, ज्याने न्यूयॉर्क टाइम्सची लाज घालवली.

जर्मनटाऊनकर, हे मुद्दाम लिहितेय कारण असे धागे निघाले की सगळे विजेत्यांचीच नावं सांगतात. ब्लेअर कॉलेजच्या पेपराचा संपादक, हुशार, गोडबोल्या, सगळ्यांशी ओळखी, इंटर्नशिप करून टाइम्समध्ये पोचला तेव्हा विशीतला पोरगा. २००३ च्या १ मेला राजीनामा द्यावा लागला. टाइम्सने स्वतःच तपास करून ११ मेच्या अंकात पहिल्या पानापासून पानंच्या पानं छापली, त्यात निघालं की ऑक्टोबर २००२ पासूनच्या त्याच्या ७३ पैकी निदान ३६ बातम्यांत भानगड आहे. कुठे दुसऱ्याचं उचललेलं, कुठे मनाने रचलेलं. इराकमध्ये पकडली गेलेली ती जेसिका लिंच नावाची सैनिक मुलगी आठवते का, तिच्या वडिलांच्या घरी गेल्यासारखी बातमी याने दिली, त्यात लिहिलं की अंगणातून तंबाखूची शेतं आणि गुरांची कुरणं दिसतात. घरच्यांनी पेपर वाचला तर हसावं का रडावं कळेना, कारण तिथून असलं काही दिसतच नाही, आणि हा बाबा तिकडे गेलाच नव्हता. नंतर टाइम्सचे वरचे दोन्ही संपादकही गेले.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. हे सगळं बाहेर आल्यावर डायमंडबॅकच्या तीसेक जुन्या लोकांनी सही करून पत्र काढलं, की याची लक्षणं आम्हाला कॉलेजातच दिसली होती, तेव्हाच्या कामातही गंभीर चुका होत्या. म्हणजे बरोबर काम करणाऱ्या पोरांना कळलं होतं. मोठ्यांना त्याचा रेझ्युमे दिसत होता. सध्या तो लाइफ कोच आहे म्हणे, आता यावर मी काय बोलू.

दुसरं. बाळूने सांगितलेले लोक कधीचे आहेत बघा. तो जमाना गेला. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेचे आकडे आहेत, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या न्यूजरूममध्ये २००८ ला ७१ हजार लोक होते, २०२० ला ३१ हजार राहिले. निम्म्याहून जास्त खुर्च्या गेल्या. पत्रकार हो म्हणून कोणाच्या पोरीला सांगण्याआधी हे सांगा. माझी भाची शिकागोला होती, चांगल्या पेपरात, दुसऱ्यांदा ले-ऑफ झाल्यावर आता हॉस्पिटलच्या पीआरमध्ये आहे. खूश आहे, पगार पण बरा आहे, पण त्यासाठी तिने एवढं कर्ज काढलं नव्हतं.

सांता_मोनिकाची_सुमा

काकूंचे आकडे खरे आहेत पण प्रश्न पत्रकारितेच्या डिग्रीचा नाहीचे ना, मुलगी कॉम्प्युटर सायन्सच करतेय आणि पेपर जोडीला आहे. त्या जोडीबद्दल कोणी बोलतच नाहीये.

नील बेदी हे नाव बघा. यूसीएलएला कॉम्प्युटर सायन्स शिकला आणि तिथल्या डेली ब्रुइनमध्ये डेटावरून बातम्या करायचा स्वतंत्र ब्लॉग त्याने सुरू केला. तुमच्या मुलीची ती पार्किंगची शीट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. पुढे फ्लोरिडात टँपा बे टाइम्सला लागला आणि २०२१ ला कॅथलीन मॅकग्रोरीबरोबर स्थानिक बातमीदारीचं पुलित्झर मिळालं. बातमी काय होती तर पॅस्को काउंटीच्या शेरीफने कॉम्प्युटरवर यादी बनवली होती, पुढे गुन्हा कोण करेल याची, आणि त्या यादीतल्या लोकांच्या घरी पोलीस वेळी-अवेळी जाऊन दार ठोठवायचे, गवत वाढलं म्हणून दंड लावायचे, यादीत शाळकरी पोरं सुद्धा. आता अशी यादी कशी बनते, तिला मार्क कसे देतात हे ज्याला आतून कळतं तोच त्याच्यावर नीट प्रश्न विचारू शकतो. नुसता चांगलं इंग्रजी लिहिणारा माणूस तिथे अडतो आणि नुसता कोड लिहिणाऱ्याला ही बातमी आहे हेच लक्षात येत नाही.

आणि थिओ बेकर. स्टॅनफर्डला हा पण कॉम्प्युटर सायन्स करायच्या इराद्यानेच गेलेला. पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, स्टॅनफर्ड डेलीत बातमी दिली की युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या जुन्या शोधनिबंधांतल्या आकृत्यांत फेरफार दिसतायत. मग लावूनच धरलं. चौकशी समिती बसली, तिने म्हटलं की प्रेसिडेंटनी स्वतः फेरफार केल्याचा पुरावा नाही पण चुका कळल्यावर दुरुस्त्या केल्या नाहीत, आणि २०२३ च्या जुलैमध्ये मार्क टेसिए-लविन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. बेकरला त्याआधीच पत्रकारितेचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला होता, तो मिळवणारा सगळ्यात लहान माणूस.

खवचट_काकू

सुमा, आईबाप कोण ते पण लिही. वडील न्यूयॉर्क टाइम्समध्ये, आई न्यूयॉर्करमध्ये. घरात जेवताना काय चर्चा होत असेल. आपल्या घरी वांग्याच्या भाजीत कूट कमी पडलं यावर होते.

सांता_मोनिकाची_सुमा

मान्य काकू, बाळकडू मिळालं असेल. पण शोधनिबंधांतल्या आकृत्या शेजारी शेजारी लावून तासन् तास बघत बसणं आणि नंतर वकिलांच्या पत्रांना तोंड देणं हे आईबापाने नाही केलं, त्यानेच केलं.

मक्याच्या_रानातून

मी इलिनॉयला शँपेनमध्ये आहे. इथल्या डेली इलिनीचं एक सांगतो, ऐकण्यासारखं आहे.

सिनेमाचा समीक्षक रॉजर ईबर्ट इथलाच, अर्बानाचा पोरगा. शाळेत असतानाच गावच्या पेपरात खेळाच्या बातम्या लिहायचा, आणि १९६३-६४ ला डेली इलिनीचा संपादक होता. नोव्हेंबर १९६३, केनेडींचा खून झाला. अंक छापायला गेला, मशीन सुरू झालं, आणि याच्या लक्षात आलं की एका पानावर केनेडींचा फोटो आहे आणि समोरच्या पानावर थँक्सगिव्हिंगची जाहिरात, त्यात बंदूक घेतलेला पिलग्रिम (अमेरिकेत सुरुवातीला आलेल्या वसाहतकऱ्यांपैकी एक), आणि अंक उघडला की बंदुकीची नळी बरोबर केनेडींच्या डोक्याकडे! एकवीस वर्षांचं पोरगं, समोर छापखान्यातली मोठी माणसं, पण याने मशीन थांबवायला लावलं आणि पान बदललं. पैसे गेले, वेळ गेला, पण थांबवलं.

पुढे १९६७ पासून मरेपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, शिकागो सन-टाइम्सला सिनेमाचं लिहिलं. १९७५ ला पुलित्झर मिळालं, सिनेमा समीक्षेसाठी ते मिळवणारा पहिलाच. त्याच्या वेळी खेळाचं पान बघणारा विल्यम नॅक पण पुढे घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारा फार मोठा लेखक झाला. इथे दरवर्षी ईबर्टच्या नावाचा सिनेमा महोत्सव व्हायचा जुन्या व्हर्जिनिया थिएटरमध्ये, आम्ही गेलोय, तिकीट मिळणं मुश्कील.

याच पेपराची दुसरी बाजू पण आहे. २००६ ला पैगंबरांवरचे ते डेन्मार्कचे वादग्रस्त कार्टून इथे छापले गेले आणि संपादकाला आधी निलंबित केलं मग काढलंच. कोणी काढलं तर युनिव्हर्सिटीने नाही, पेपर चालवणाऱ्या कंपनीने. कारण हा पेपर युनिव्हर्सिटीचा नाहीये, वेगळी संस्था आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना पेपर कोणाच्या मालकीचा आहे ते आधी बघा.

रेकॉर्डवर_वकील

याच मुद्द्यासाठी लॉगिन केलं. वकील आहे, पण हा फुकट सल्ला आहे, त्याच भावाने घ्या.

जर्मनटाऊनकर, डूख धरण्याबद्दल. डायमंडबॅक १९७१ पासून युनिव्हर्सिटीपासून स्वतंत्र आहे, मेरीलँड मीडिया नावाची ना-नफा संस्था तो चालवते, पैसा जाहिरातींतून आणि देणग्यांतून. त्यामुळे डीनला आवडलं नाही म्हणून संपादक बदलला असं होत नाही. त्यात ही सरकारी युनिव्हर्सिटी आहे, म्हणजे फर्स्ट अमेंडमेंट, अमेरिकेच्या घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम, थेट लागू. खासगी कॉलेजात हे एवढं सरळ नसतं. शिवाय मेरीलँडने २०१६ मध्ये न्यू व्हॉइसेस कायदा केलाय, सरकारी शाळा आणि सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारा. त्याची गरज का पडली तर १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा हेझलवूड निकाल, त्याने शाळेच्या पेपरावर कात्री चालवायला मुख्याध्यापकांना बरीच मोकळीक दिली होती, मग राज्याराज्यांनी आपापले कायदे करून ती कमी केली.

आणि एक नंबर मुलीच्या फोनमध्ये असू द्या, स्टुडंट प्रेस लॉ सेंटर. १९७४ पासून आहे, वॉशिंग्टनमध्ये, विद्यार्थी पत्रकारांना कायद्याची मदत फुकट देतात. माहितीचा अर्ज अडवला, बातमी काढा म्हणून धमकीचं पत्र आलं, सगळ्याला. बहुतेक तिच्या संपादकाकडे तो नंबर असेलच.

खरी काळजी डुखाची नको, चुकीची करा. नाव घेऊन चुकीचं छापलं तर विद्यार्थी आहे म्हणून अब्रुनुकसानीच्या कायद्यात सूट नाही. तिला विचारा, छापायच्या आधी तिची बातमी आणखी कोण तपासतं. उत्तर पटकन आलं तर निवांत झोपा.

पवईचा_पाहुणा

आपल्याकडचं पण सांगतो थोडं. मी आयआयटी मुंबईला असताना इनसाइटमध्ये होतो, तिथलं विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र. खरगपूरला स्कॉलर्स ॲव्हेन्यू, मद्रासला फिफ्थ इस्टेट, रुरकीला वॉच आउट, असं बऱ्याच ठिकाणी आहे. आमच्यातलं पत्रकार कोणी झालं का, माझ्या ओळखीत तरी जवळजवळ नाही. मी स्वतः प्रॉडक्ट मॅनेजर आहे बंगळुरूला.

पण इंटरव्ह्यूत मला सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या प्रोजेक्टवर नाही, पेपरातल्या एका सर्व्हेवर विचारले गेले. प्लेसमेंटबद्दल पोरांना काय वाटतं असा तो सर्व्हे होता, आणि समोरच्या बाईंनी विचारलं की ज्यांनी फॉर्म भरलाच नाही त्यांचं काय केलंत. मी सांगितलं की आम्ही रात्री हॉस्टेलच्या विंगांमध्ये फिरून, दारं वाजवून, न भरणाऱ्यांना गाठायचो, कारण ज्यांची प्लेसमेंट झाली नाही तेच फॉर्म भरत नव्हते आणि त्यामुळे आकडा उगाच गुलाबी दिसत होता. बाई एकदम ताठ बसल्या. नोकरी त्यावरच लागली असं नाही म्हणत, पण पुढचं सगळं बोलणं त्या दारं वाजवण्यावरच झालं.

आज पण युजरचा फीडबॅक बघताना मी पहिलं हेच शोधतो की कोण बोललेलंच नाहीये. आणि अनोळखी माणसाला फोन लावायची लाज गेली, ही इंजिनियरमध्ये फार दुर्मिळ गोष्ट आहे राव. माझ्या टीममधले सोन्यासारखे कोडर ग्राहकाला फोन करायचा म्हटलं की पाणी प्यायला उठतात.

मांजराकाठची

आमचं कॉलेज लातूर जिल्ह्यातलं, तिथं कसला पेपर अन् कसलं काय, भित्तिपत्रक होतं. कार्डशीटवर हातानं लिहायचं, मार्जिनला स्केचपेनची वेलबुट्टी, अन् लायब्ररीच्या बाहेरच्या बोर्डावर टाचण्यांनी लावायचं. बाकी सगळे सुविचार अन् महापुरुषांची माहिती लिहायचे. मी दुसऱ्या वर्षाला लिहिलं की लायब्ररीची वेळ बोर्डावर पाचपर्यंत आहे पण कुलूप दोनलाच लागतं, अन् खाली पंधरा दिवसांच्या रोजच्या वेळा लिहिल्या, मैत्रिणीच्या घड्याळात बघून. संध्याकाळपर्यंत पत्रक गायब. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं, पालकांना आणा वगैरे. वडील आले, शेतकरी माणूस, त्यांनी एवढंच विचारलं की सर, हिनं लिहिलेली वेळ खोटी हाय का. त्यावर कोणी काही बोललं नाही. लायब्ररी मात्र पुढच्या आठवड्यापासून पाचपर्यंत उघडी राहायला लागली.

मी आता महसूल खात्यात आहे, नायब तहसीलदार. गारपिटीचे पंचनामे करायला जाते तेव्हा तलाठ्यानं चावडीत बसून लिहिलेला पंचनामा अन् बांधावर जाऊन लिहिलेला पंचनामा मला दोन ओळीत ओळखू येतो. बसून लिहिलेल्यात सगळ्यांचं नुकसान सारखंच असतं. काकूंनी ती तंबाखूच्या शेताची गोष्ट लिहिली ना, वाचून लई हसले, आमच्याकडं असे ब्लेअर पैशाला पासरी आहेत.

मुलीला करू द्या म्हणणार नाही, ते तुम्हाला नकोय. पण एक्सेल शीट मागवून बसणारी पोरगी आहे, तिला घरबसल्या वेळ घालवणारी समजू नका.

निवृत्त_उपसंपादक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पस्तीसेक वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली आहेत, रानडे इन्स्टिट्यूटची अनेक मुलं हाताखालून गेली, म्हणून दोन शब्द.

डेस्कवर नवीन आलेल्या मुलाकडे आम्ही गुणपत्रिका कधी बघितली नाही. पहिल्या आठवड्यात एक साधी अपघाताची बातमी द्यायचो आणि बघायचो की मृताच्या नावाचं स्पेलिंग, माफ करा, शुद्ध नाव त्याने पोलीस ठाण्यातून घेतलं, की हॉस्पिटलमधून, की दोन्हीकडून. ज्यांनी कॉलेजात कसला ना कसला अंक काढलेला असायचा ते दोन्हीकडे फोन करायचे, कारण नाव चुकल्यावर दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तो माणूस समोर येऊन उभा राहतो हा अनुभव त्यांनी घेतलेला असायचा. कॉलेजच्या पेपराचा हाच मोठा फायदा, वाचक लांब नसतो, तो तुमच्याच कँटीनमध्ये बसलेला असतो.

यातली बरीच मुलं पुढे पत्रकारितेत टिकली नाहीत हेही खरं. कोणी जाहिरातीत गेलं, कोणी सरकारी सेवेत, एकजण आता चांगला वकील आहे. पगार हे कारण, दुसरं काही नाही. त्यामुळे खवचट काकूंचं म्हणणं मी खोडणार नाही. फक्त इतकंच की जर्मनटाऊनकरांनी "पत्रकार झाले का" एवढं एकच मोजमाप लावू नये. किनी काय किंवा सायमन काय, त्यांचं मोठं काम पेपराबाहेरच झालं.

जर्मनटाऊनकर

बापरे, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, काकूंचे जरा जास्त, कारण घरी सगळे बाळूच्या बाजूचे आहेत, मला कोणीतरी हवंच होतं.

काल रात्री मुलीला फोन केला. जेफ किनीचं सांगितलं तर म्हणाली बाबा आमच्याकडे हे सगळ्यांना माहिती असतं. ब्लेअरचं विचारलं तर म्हणाली ते पण. मग वकीलसाहेबांनी सांगितलेला प्रश्न विचारला की तुझी बातमी छापायच्या आधी कोण तपासतं, तर थांबलीच नाही, आधी सेक्शनचा एडिटर, मग कॉपी डेस्क, मग मॅनेजिंग एडिटर, आणि पार्किंगच्या बातमीत दोन लॉटचे आकडे जुळत नव्हते म्हणून त्यांनी ती परत पाठवलीये, ती ते परत मोजतेय. म्हटलं किती फरक आहे, तर म्हणे थोडाच, पण आहे. परवा त्या लॉटमध्ये स्वतः जाऊन पाट्यांवर काय वेळ लिहिलीये त्याचे फोटो काढून आली.

इंटर्नशिपचं अजून काही नाही. तिला सुमाताईंनी सांगितलेल्या नील बेदीचं नाव पाठवलंय, ते मात्र तिने उघडून वाचलं, कारण अर्ध्या तासाने मेसेज आला की टँपा बे टाइम्सच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिप कधी उघडतात ते ती बघणार आहे. आता फ्लोरिडात उन्हाळ्यात राहायचा खर्च किती येतो, कोणी तिकडचं आहे का इथे?

बाल्टीमोरचा_बाळू

माझा मेव्हणा टँपालाच आहे, व्यनि करतो.

खवचट_काकू

जूनमध्ये फ्लोरिडा म्हणजे चिपळूण समजा आणि त्याप्रमाणे कपडे द्या. आणि बातमी छापून आली की लिंक इथे टाका, मी वाचणार आहे, चूक सापडली तर सांगणार पण आहे.